शेऱ्यांच्या वहीतील मुलगा

मुलांच्या ज्या माध्यमिक शाळेत माझ्या अध्यापनाची बहुतेक वर्षे गेली, तेथे प्रत्येक वर्गाच्या टेबलाच्या खणात हजेरीपटाशेजारी एक लांबट वही असे, आणि मारामारी, उद्धट उत्तर, अपूर्ण गृहपाठ, फुटलेली काच अशा अपराधांची तीत तारीखवार, शिक्षकाच्या सहीनिशी नोंद करण्याचा शिरस्ता होता. तिला आम्ही शिस्तीचे दप्तर समजत असू. मुलांच्या दुःखाची नोंदही त्याच वहीत होत होती, हे उमगावयास मला फार वर्षे लागली.

नववीतील एका मुलाच्या नावावर एकाच सत्रात सहा शेरे पडले होते. मूळचा तो अबोल; परंतु दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मधल्या सुट्टीत क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येऊ लागला, आणि ज्याचे अक्षर इतरांना दाखवावे असे होते, त्याच्याच वहीत ओळी वेड्यावाकड्या उतरू लागल्या. मी त्याला एक संपूर्ण पाठ पुन्हा लिहावयास लावला. त्याने तो मुकाट्याने लिहून आणला. पुढे त्याच्याच आळीत राहणाऱ्या आमच्या शिपायाने बोलता बोलता सांगितले की, मुलाची आई महिनाभर इस्पितळात आहे, बाप रात्रपाळी करून उशिरा घरी येतो, आणि धाकट्या बहिणीची पोळीभाजी करून तिला शाळेत पोहोचवून मगच हा पोरगा इकडे येतो. दुसऱ्या दिवशी मी त्याचा उजवा हात पाहिला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर तव्याने भाजल्याचे डाग होते. पेन धरावयाची ती हीच दोन बोटे. इतके दिवस तोच हात माझ्यापुढे वही ठेवीत होता आणि मी फक्त वही पाहत होतो.

मुलग्याचे दुःख डोळ्यांवाटे क्वचित बाहेर पडते, कारण ‘मुलगा असून रडतोस काय?’ हा प्रश्न त्याने समज येण्यापूर्वीपासून ऐकलेला असतो. आणि जेथे सभोवार केवळ मुलगेच आहेत, तेथे डोळे ओले झाल्याची वार्ता मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोहोचते. मग ते दुःख संतापाचे, दांडीचे, शेवटच्या बाकावरील झोपेचे रूप घेते, आणि शाळा त्या रूपाला शिक्षा करते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात देशातील १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. यांपैकी कितीजणांच्या नावापुढे कोणत्या वहीत कोणते शेरे होते, हा विचार माझी पाठ सोडीत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. या हुकुमाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु समुपदेशकाच्या खोलीचे दार ठोठावणारा मुलगा वर्गात ‘वेडा’ ठरतो, ही भीती जोवर आहे, तोवर त्या दारापर्यंत त्याला हात धरून नेणारे कोणीतरी वर्गातच असावे लागते. ते माणूस म्हणजे वर्गशिक्षक. आणि जनगणना, निवडणूक, शिष्यवृत्तीचे अर्ज व संगणकावर भरावयाची माहिती यांतून त्याच्या हाती किती वेळ उरतो, हे ज्याने शिक्षक-खोली पाहिली आहे त्याला सांगावयास नको.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे अस्ताव्यस्त कपडे घड्या घालून ठेवीत, आणि त्यांच्यासाठी स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढीत. आपण हे गुरुजींच्या हृदयाच्या कोमलतेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. मला त्यात कामाची एक रीतही दिसते. जो रोज मुलाच्या खोलीत जातो, त्याला न उलगडलेले अंथरूण, न उघडलेले घरचे पत्र, न खाल्लेला खाऊ दिसतो. विचारपूस करण्यासाठी त्याला तक्रारीची वाट पाहावी लागत नाही.

सर्व शिक्षकांनी साने गुरुजी व्हावे, अशी अपेक्षा अन्यायाची होईल. माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. साठ मुलांचा वर्ग तीन शिक्षकांत वाटून द्यावा. आठवीत ज्याच्याकडे जी वीस मुले आली, ती दहावीपर्यंत त्याच्याचकडे राहावीत. आठवड्यातून एक तास त्यांना अभ्यासक्रमाविना एकत्र बसता यावे, आणि तो तास गणिताच्या मागे पडलेल्या प्रकरणासाठी कोणी उसना मागू नये. शेऱ्यांच्या वहीतही अपराधाशेजारी आणखी एक रकाना आखावा, आणि मुलाशी एकांतात बोलल्यावाचून शिक्षकाने तेथे सही करू नये. तो रकाना त्या काळी असता, तर सहाव्या शेऱ्यापर्यंत मी पोहोचलोच नसतो.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापक वेळापत्रकाचा तक्ता आखावयास बसतात. त्या तक्त्यात या एका तासाची तजवीज त्यांनी येत्या वर्षीच करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.