दोन ऑफर लेटर आणि शीटमध्ये नसलेले रकाने

एप्रिल-मे उजाडला की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एक एक्सेल शीट तयार होते. डाव्या रकान्यात एका विद्यापीठाचे नाव, उजव्यात दुसऱ्याचे. खाली क्रमवारी, फी, राहण्याचा खर्च, शिक्षणानंतरचा व्हिसा, सरासरी पगार. मुलगा किंवा मुलगी बी.कॉम., बी.बी.ए. करून दोन-तीन वर्षे नोकरी केलेली, आता इंटरनॅशनल बिझनेसमध्ये मास्टर्स करायला निघालेली. समजा, एक ऑफर स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाची आहे, दुसरी जर्मनीतल्या मानहाइमची. डिपॉझिट भरायची मुदत जवळ आली आहे, मामाचे मत एक, काउन्सेलरचे दुसरे. (काउन्सेलरला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळते आणि जर्मनीतली सरकारी विद्यापीठे ते सहसा देत नाहीत, एवढे ध्यानात ठेवून त्याचा सल्ला ऐकलेला बरा.)

या शीटमध्ये झोप, उजेड, डॉक्टर, कर्जाची धास्ती, सोबत यांतला एकही रकाना नसतो. पुढची एक-दोन वर्षे कशी जातील हे ठरवण्यात मात्र त्यांचाच वाटा मोठा असतो.

पहिल्या ओळीपासून, म्हणजे क्रमवारीपासून सुरुवात करू. ‘क्यूएस’च्या जागतिक यादीत एडिंबरा पहिल्या पन्नासांत असते, मानहाइम चारशेच्या पलीकडे. हा आकडा पाहून घरातली चर्चा तिथेच संपते. पण या यादीत ३० टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मतांना आणि १५ टक्के कंपन्यांच्या मतांना आहेत. म्हणजे जवळपास निम्मे गुण नावलौकिकाचे. आणखी २० टक्के शोधनिबंधांच्या संदर्भांना. मानहाइम हे प्रामुख्याने व्यवस्थापन, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रांचे विद्यापीठ आहे. मोठ्या प्रयोगशाळा चालवणाऱ्या भौतिकशास्त्रासारख्या शाखा तिथे नाहीत. सगळ्या शाखांची एकत्र मोजदाद केली की ते मागे पडणारच. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी मात्र जर्मनीत त्याचे नाव वरच्या फळीत घेतले जाते. शिवाय क्रमवारीसाठी विद्यापीठे स्वतःच माहिती पुरवतात, तेव्हा काय होऊ शकते हे २०२२ मध्ये दिसले. कोलंबिया विद्यापीठाने दिलेल्या आकड्यांवर तिथल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने बोट ठेवले आणि अमेरिकेतल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरचे ते विद्यापीठ त्याच वर्षी अठराव्यावर आले. तेवढ्या महिन्यांत तिथल्या वर्गात शिकवणे काही सोळा पायऱ्यांनी बिघडले नव्हते.

नाव मोठे म्हणजे पगार मोठा, हा समजही तपासलेला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या अशा विद्यार्थ्यांची कमाई तपासली, ज्यांनी साधारण सारख्याच कॉलेजांत अर्ज केले होते आणि ज्यांना सारखेच होकार-नकार आले होते, पण त्यांपैकी काही अधिक नामांकित कॉलेजात गेले आणि काही कमी नामांकित. पुढच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. अपवाद होता तो गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. हा अभ्यास अमेरिकेतल्या पदवी शिक्षणाचा आहे, भारतातून स्कॉटलंडला जाणाऱ्यांचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा लावू नये. तरी तो अपवाद विचार करायला लावणारा आहे. ज्या घरात ओळखीपाळखी नाहीत, तिथल्या मुलीला विद्यापीठाचे नाव दार उघडून देऊ शकते. लातूरहून निघालेल्या, घरातली पहिलीच पदवीधर असलेल्या मुलीने क्रमवारी अगदीच उडवून लावू नये, ती याच कारणासाठी.

आता हवामान. एडिंबरा ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो, मानहाइमला आठ, पुण्यात अकरा. मूळचे दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपली ऊर्जा आटते हे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन केले : खूप झोप येणे, गोड आणि पिष्टमय पदार्थांची हाव सुटणे, घराबाहेर पडावेसे न वाटणे. सावळ्या त्वचेच्या लोकांना ‘ड’ जीवनसत्त्वाचीही कमतरता पडते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चचे ऊन ते तयार करायला पुरत नाही, म्हणून तिथले सरकार थंडीच्या महिन्यांत सर्वांना आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करायला सांगते. ही गोळी स्वस्त आहे. पुण्याहून गेलेल्या बहुतेकांना ती घ्यायची असते हेच माहीत नसते.

म्हणून अंधार पाहून एडिंबरा खोडायचे का? नाही. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि थंड मध्य-पश्चिमेतल्या विद्यार्थ्यांना समाधानाबद्दल विचारले. दोन्हीकडच्यांना वाटत होते की कॅलिफोर्नियावाले जास्त सुखी असणार. प्रत्यक्षात दोघांचे समाधान सारखेच होते. ज्या गोष्टीकडे आपण टक लावून पाहतो ती मोठी दिसते, एवढाच त्याचा अर्थ. सरासरी विद्यार्थी हवामानाला सरावतो. पण ज्याला आधी नैराश्य येऊन गेले आहे, ज्याची झोप लवकर बिघडते किंवा ज्याची औषधे चालू आहेत, त्याने सरासरीवर विसंबू नये. अशा घरात ही गोष्ट फीच्याही आधी बोलायला हवी. ती बोलली जात नाही, कारण ‘व्हिसाला अडचण येईल’ किंवा ‘लोक काय म्हणतील’ हे आडवे येते.

अंधारापेक्षा जास्त गाठतो तो वेळेचा दाब. ब्रिटनमधला मास्टर्स एक वर्षाचा. सप्टेंबरात विमानातून उतरायचे आणि मोठ्या कंपन्यांची भरती त्याच सुमारास सुरू झालेली. खोली शोधणे, बँक खाते, पहिले निबंध आणि नोकरीचे अर्ज हे सगळे वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या महिन्यांत एकावर एक येते. त्यात पदवीनंतर राहण्याची मुदत दोन वर्षांची होती, ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षाची होत आहे. मानहाइमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, नंतर नोकरी शोधायला दीड वर्ष. श्वास घ्यायला जागा आहे, पण वर्ग इंग्रजीत चालले तरी मुलाखत, घरमालक आणि दवाखाना जर्मनमध्येच भेटतात. जवळच लुडविग्सहाफेनला ‘बीएएसएफ’ आणि वॉलडॉर्फला ‘एसएपी’ आहे म्हणून खूश होणाऱ्याने पुण्यात असतानाच जर्मनच्या दोन पातळ्या उरकून घ्याव्यात.

पैशाचा फरक तर डोळ्यांत भरणारा आहे. मानहाइम युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, म्हणजे चार सत्रांचे ६,०००. वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, पण ते विद्यार्थ्याचेच असतात. एडिंबऱ्याच्या बिझनेस स्कूलची फी तीस हजार पौंडांच्या पुढे. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज विनातारण मिळू शकते. त्यावर सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि तारण म्हणजे बहुधा राहते घर. वडिलांचे घर गहाण आहे ही जाणीव घेऊन रात्री अंथरुणावर पडणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे. हप्त्याची रक्कम मुलांपासून लपवणारे पालक त्यांना निश्चिंत करत नाहीत. मुले मनातल्या मनात मोठाच आकडा धरून बसतात. कागदावर हप्ता लिहून तो घरात सगळ्यांना दाखवावा.

आजारी पडले तर काय, हे दोन्हीकडे वेगळे. ब्रिटनच्या व्हिसासोबत विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. तो भरल्यावर सरकारी सेवा मिळते आणि स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहिलेली औषधेही फुकट. पण पोहोचल्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे नाव नोंदवावे लागते. बरेच जण ताप येईपर्यंत नोंदवत नाहीत. जर्मनीत सरकारी विम्याचा विद्यार्थी-दर तिशीपर्यंतच मिळतो. नोकरी करून तिशीच्या उंबरठ्यावर जाणाऱ्यांनी हे आधी पाहावे. आणि स्वस्त दिसते म्हणून एकदा सरकारी विम्यातून सूट घेऊन खासगी विमा घेतला, की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. हा निर्णय अनेक जण विमानतळावर उतरल्यावर घाईत, कुणाच्या तरी सांगण्यावरून करतात.

मग निवडायचे कसे? एलिझाबेथ डन, टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोडतीने वसतिगृह मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी विचारले होते, अमुक ठिकाणी गेलात तर किती आनंदी असाल? चांगली इमारत, चांगली जागा मिळाली तर आपण खूप सुखी आणि नाही मिळाली तर खूप दुःखी होऊ, असे त्यांना वाटत होते. वर्षभराने तसा फरक सापडला नाही. सोबतची माणसे कशी असतील याला त्यांनी अंदाज बांधताना पुरेसे वजन दिलेच नव्हते. २००९ मधल्या आणखी एका प्रयोगात गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांना दिसले की आपल्याला एखादा अनुभव कसा वाटेल हे स्वतः कल्पना करून ओळखण्यापेक्षा, तो नुकताच घेतलेल्या अनोळखी माणसाला कसे वाटले यावरून जास्त बरोबर ओळखता येते. लोकांना मात्र आपल्या कल्पनेवरच जास्त भरवसा होता.

तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी दोन्ही विद्यापीठांत सध्या त्याच अभ्यासक्रमाला असलेल्या दोन-दोन विद्यार्थ्यांशी बोलावे. एजंटने जोडून दिलेले नकोत, स्वतः शोधलेले. ‘युनिव्हर्सिटी कशी आहे?’ असे विचारले तर ‘छान आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी गेल्या मंगळवारी किती वाजता उठलास, दुपारी कुणाबरोबर जेवलास, संध्याकाळी सहाला कुठे होतास, जानेवारीत किती तास झोपत होतास, शेवटचे आजारी पडलास तेव्हा डॉक्टर किती दिवसांनी भेटला, समुपदेशकाची वेळ मागितलीस तर कधीची मिळते, हे विचारावे. उत्तरे त्याच एक्सेल शीटमध्ये, क्रमवारीच्या वरच्या ओळीत लिहावीत, आणि मामाला फोन त्यानंतर करावा.