बघणाऱ्यांच्या हाती दोर द्या

३० जून २०२४. लोणावळ्याच्या भुशी धरणामागचा धबधबा. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं कुटुंब सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिलं. त्यातले पाच जण गेले. काठावर गर्दी होती, आरडाओरडाही होता; पण पाण्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. अशा वेळी ‘लोकांना अक्कल नाही’ म्हणून हात झटकणं सोपं असतं. माझे मुद्दे वेगळे आहेत.

१. पाणी वरून येतं. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते आणि माथ्यावर ढग कोसळत असतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, ओढ्याचा आवाज बदलला, की सामान टाकून काठ गाठायचा. हे स्थानिक पोरांना ठाऊक असतं, शहरातून आलेल्यांना नसतं. म्हणून फलक पार्किंगपाशी नको. माणूस जिथे पाण्यात पाय घालतो तिथे हवा.

२. नुसत्या बंदीनं भागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, नाक्यावर पोलीस उभे राहतात आणि लोक मागच्या पायवाटेनं वर जातात. तिथे ना पोलीस, ना मदत. शिवाय कणीस-भजीवाल्यांचा हंगाम बुडतो तो वेगळाच.

३. पहिली मदत काठावरूनच होते. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखे बचावगट जिवावर उदार होऊन धावतात, पण निरोप मिळून ते पोहोचेपर्यंत वेळ जातोच. गर्दीच्या प्रत्येक धबधब्यावर खांबाला दोर आणि तरंगतं कडं टांगलेलं असावं. गावातल्या चार पोरांना प्रशिक्षण देऊन पावसाळाभर पगारी नेमावं. पैसा? पार्किंगची आणि प्रवेशाची पावती अनेक ठिकाणी फाडली जातेच. त्यातला ठरावीक हिस्सा यावर खर्च व्हावा.

४. बघ्यांनीही शिकावं. आधी ११२ ला फोन, मग चित्रीकरण. ठिकाण नेमकं सांगायचं: कुठला धबधबा, कुठला काठ, माणसं किती. दोराशिवाय उडी मारायची नाही, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना.

५. धोका पाण्याचाच नाही, दरडींचाही असतो; तिथे डोंगरात फिरणाऱ्यांचे डोळे वापरा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी या डोंगरातल्या वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना अंधारात, पावसात चढून जावं लागलं. अशा वाटा ट्रेकर मंडळींच्या पायाखालच्या असतात. जमिनीला पडलेली भेग, कललेली झाडं, अचानक फुटलेला झरा त्यांना दिसतो. १०७७ वर, म्हणजे जिल्हा नियंत्रण कक्षाला, ते कळवलं तर त्याची नोंद व्हावी आणि तलाठ्यानं जागेवर जाऊन पाहावं.

पुढच्या पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत एवढं विचारा: पावतीचा पैसा किती जमला, आणि त्यातून दोर किती आले?