शनिवारची शाळा

मूल वसतिगृहात दाखल झाले की समाजाचे कर्तव्य संपले, अशी समजूत आपल्यात हळूहळू रुजू लागली आहे. संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ती तपासून पाहावी असे वाटते. त्यासाठी लंडनमधील कृष्णवर्णीय पालकांचा अनुभव बोलका आहे.

कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांच्या अनेक मुलांवर १९६० च्या दशकात ‘शैक्षणिकदृष्ट्या मागास’ असा शिक्का मारून त्यांना निराळ्या शाळांत धाडले जाई. ग्रेनाडाचे शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये एक पुस्तिका लिहून या अन्यायाला वाचा फोडली. बुद्धिमापन चाचण्यांची भाषाच या मुलांना परकी होती. ज्याला इंग्रज मूल ‘टॅप’ म्हणे, त्याच नळाला कॅरिबियन मूल ‘पाइप’ म्हणे. शब्द निराळा, म्हणून मूल मंद!

पालकांनी शाळाखात्याला जाब विचारला. पण उत्तराची वाट पाहत ते बसले नाहीत. त्रिनिदादचे जॉन ला रोज यांनी १९६९ मध्येच आपल्या राहत्या घरी जॉर्ज पॅडमोर यांच्या नावाने पूरक शाळा सुरू केली होती. अशा शाळा घरांत, चर्चच्या सभागृहांत, बहुधा शनिवारी भरत. गणित व इंग्रजीच्या जोडीला आफ्रिकेचा आणि कॅरिबियन बेटांचा इतिहास शिकवला जाई. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असत.

समाजच शिकवू लागला तर सरकार अंग काढून घेईल, असा आक्षेप कोणी घेईल. लंडनचा अनुभव उलट आहे. मुलाला काय येते हे स्वतः पाहिलेला पालकच शाळेत जाऊन ठामपणे प्रश्न विचारू शकतो. ‘पूरक’ या शब्दाचे मर्म हेच आहे.

त्या समाजाशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. आज आपल्याही वस्त्यांत घरची बोली बोलणारे मूल वर्गात ‘अशुद्ध’ ठरते आणि गप्प बसते.

माजी विद्यार्थी या संस्थेला देणगी देतात, ते योग्यच आहे. मात्र वसतिगृहात मोजकीच मुले येतात; बाकीची वस्तीतच राहतात. त्यांच्यासाठी प्रत्येकाने आपल्या वस्तीतील विहारात आठवड्याचे दोन तास द्यावेत. पैसा देणे तुलनेने सोपे असते. शनिवार देणे कठीण, आणि आज गरज त्याचीच अधिक आहे.