लघु, गुरु आणि सूनबाईंची परीक्षा

आमच्या धाकट्या सूनबाई संगणकांच्या जाळ्यांची ‘कॉम्पटिया नेटवर्क प्लस’ ही परीक्षा देणार, असें गेल्या वर्षीं घरांत ठरलें, आणि त्यांची तयारी करून घेण्याचें काम मीं आपण होऊन पत्करलें. वेळ 90 मिनिटें, प्रश्न जास्तींत जास्त 90, आणि 100 ते 900 या मापावर 720 गुण मिळाले तरच उत्तीर्ण. विषयाचें मला ओ कीं ठो कळत नव्हतें; पण सारी हयात मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या माणसास ती अडचण वाटली नाहीं. सात थरांचीं नांवें, पोर्ट क्रमांक (एसएसएचचा 22, डीएनएसचा 53, एचटीटीपीएसचा 443) मीं रोज पहाटे म्हणवून घेतले. ऐकून ऐकून नातवालाही ते पाठ झाले.

सूनबाई नापास झाल्या. घोटाळा झाला तो पत्त्यांच्या विभागणींत, म्हणजे सबनेटिंगमध्यें. तेथें आंकडे दर वेळीं निराळे. पाठांतर काय करणार?

एका हितचिंतकानें फुटलेले प्रश्न विकत घेण्याचें सुचविलें. उमेदवारास जो करार मान्य करावा लागतो, त्यांत अशा साहित्यास स्पष्ट मज्जाव आहे. सूनबाई मात्र एवढेंच म्हणाल्या, “उद्यां कामावर जाळें बंद पडलें, तर मीं कोणता प्रश्नसंच उघडावा?” टोला त्या गृहस्थांस होता, लागला मला.

त्या रात्रीं त्यांची वही चाळली. पत्ता म्हणजे चार संख्या. प्रत्येक संख्येस आठ स्थानें, आणि प्रत्येक स्थानीं शून्य किंवा एक. हा तर आठ अक्षरांचा चरण! एकास गुरु म्हणा, शून्यास लघु. असे चरण 256 च होतात, म्हणून पत्त्यांतील संख्या 0 ते 255. पिंगलाचा प्रस्तार मीं वर्षानुवर्षें फळ्यावर मांडला होता. (त्याच्या प्रस्तारांत आरंभ सर्वगुरूंपासून होतो, आणि बदल डावीकडून, येथें सर्व उलट. तेव्हां कोणीं आपलें छंदःशास्त्र चोरलें, असा निष्कर्ष वाचकांनीं काढूं नये.)

एक उदाहरण देतों. पत्ता 192.168.10.77, व त्यापुढें तिरकी रेघ देऊन 26. म्हणजे एकंदर 32 स्थानांपैकीं पहिलीं 26 आळीचीं, उरलेलीं 6 घराचीं. पहिल्या तीन संख्यांत 24 गेलीं. चौथींतलीं पहिलीं दोन आळीकडे. आतां 77 म्हणजे 64, 8, 4 आणि 1 यांची बेरीज : लघु-गुरु-लघु-लघु-गुरु-गुरु-लघु-गुरु. पहिलीं दोन अक्षरें तशींच ठेवून पुढचीं सहा लघु केलीं कीं 64, हें आळीचें नांव. सहाही गुरु केलीं कीं 127, हा साऱ्या आळीस एकदम हांक मारण्याचा पत्ता. मधलीं 62 घरें राहावयास मोकळीं.

दीड महिना आम्ही दोघें रोज असे दहा पत्ते सोडवीत होतों. मी दोनदां चुकलों, तें सूनबाईंनींच दाखविलें. त्या वेळीं आमटी चिरंजीव करीत. ती अनेकदां खारट होई, पण कोणीं बोललें नाहीं.

दुसऱ्या खेपेस सूनबाई उत्तीर्ण झाल्या. परवां थोरल्या सूनबाई ती वही मागून घेऊन गेल्या आहेत.