चिठ्ठी एक, पाय चार

जोडीने धावावयाच्या शर्यतीत आपला पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे आपला जोडीदार. बाकीची मंडळी कुठल्या गल्लीत आहेत, पुढे आहेत की मागे आहेत, याचा काही पत्ता नसतो. डोळ्यांसमोर असतो तो एकटा जोडीदार. चिठ्ठी त्याच्याच हातात का, येथून कुरबुरीला सुरुवात होते आणि डावीकडे वळायचे की उजवीकडे, येथे ती रंगात येते. एरवी या सदरात मी शब्दांच्या कुळकथा सांगत असतो. पण दिवाळीच्या अंकात लेखकाला थोडी मोकळीक असते. फराळाच्या ताटात एखादी शंकरपाळी वाकडी निघाली म्हणून कोणी ताट परत करीत नाही.

तरी खोड जात नाही, म्हणून आधी शब्दच घेतो. इंग्रजीत या खेळाला ‘स्कॅव्हेंजर हंट’ म्हणतात. म्हणजे उकिरडा उपसणाऱ्याची शोधाशोध! आमच्या विद्यार्थ्यांनी त्याचे ‘खजिनाशोध’ केले. त्यात खजिना नसतो, शोध मात्र पुष्कळ असतो. हाती एक चिठ्ठी येते, तीत कोडे असते, कोडे सुटले की एक जागा कळते, त्या जागी दुसरी चिठ्ठी. वाटेत काही वस्तूही जमवावयाच्या असतात, आणि त्या विकत घ्यावयाच्या नसतात. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या धनिकांच्या मेजवान्यांत हे खूळ फार माजले होते. एल्सा मॅक्सवेल नावाच्या बाई अशा मेजवान्यांबद्दल प्रसिद्ध होत्या. मंदीने लाखो माणसे रस्त्यावर आलेली, आणि ही मंडळी रात्री मोटारी घेऊन जुन्यापुराण्या वस्तू हुडकीत हिंडत. १९३६ च्या ‘माय मॅन गॉडफ्री’ या चित्रपटात याचीच थट्टा आहे. तिथे यादीत वस्तू म्हणून चक्क एक बेकार माणूसच हजर करावयाचा असतो. पुढे २००१ साली अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘द अमेझिंग रेस’ सुरू झाली आणि जोड्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. तीतला एक नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. मुक्कामाच्या चटईवर जोडीतले दोघेही पोचल्याखेरीज जोडी पोचली असे धरीत नाहीत. म्हणजे वेळ धरावयाची ती मागच्याची.

हाच नियम आमच्या शर्यतीला होता. आमच्या शिक्षणसंस्थेच्या वर्धापनदिनी, गेल्या जानेवारीत, प्राध्यापकांसाठी विद्यार्थ्यांनी हा खेळ मांडला. अर्धी शर्यत अमरावतीला, मग एस.टी.ने अकोला, उरलेली अर्धी तिथे. एस.टी.चा वेळ हिशेबात नाही. स्वतःचे वाहन नाही. मोबाईल लिफाफ्यात घालून, लिफाफ्यावर सही करून कार्यालयात जमा! एकूण अठरा जोड्या, आणि त्या चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या.

माझ्या चिठ्ठीत निघाले आमच्या भौतिकशास्त्राचे सहकारी. त्यांना येथे अकोलेकर म्हणतो. ते आडनाव नव्हे, पत्ता आहे. त्यांचे नाव वाचले गेले तेव्हा सभागृहात जो हशा पिकला त्याचे कारण सांगणे भाग आहे. आमच्याकडे उपप्राचार्यांची जागा रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी दोन नावांची चर्चा होती. एक त्यांचे, दुसरे माझे. गेले सहा महिने आम्ही एकमेकांशी इतक्या सभ्यपणे वागत होतो की शिपायालासुद्धा संशय यावा.

सुरुवात अंबादेवीच्या देवळापासून झाली. जागा योग्यच होती. याच देवळातून रुक्मिणीहरण झाले अशी वऱ्हाडची श्रद्धा आहे. आता पाहा, नायिकेने चिठ्ठी पाठविली, देवळाची खूण कळविली, ती वाचून नायक रथ घेऊन सुटला आणि मागे नायिकेचा भाऊ लागला. या खेळाची आणखी कोणती प्राचीन वंशावळ हवी? जोडीदार मात्र श्रीकृष्णाला बरा मिळाला होता.

पहिले कोडे असे: ‘नावात छत्र, पण डोक्यावर नाही, वाऱ्यासाठी नाही, माणसांसाठी उघडी.’ चिठ्ठी अकोलेकरांच्या हातात होती. त्यांनी ती एकदा वाचली आणि निकाल दिला, ‘छत्री तलाव. चला.’ छत्री तलाव शहराबाहेर. मी म्हणालो, ‘उघडी म्हटले आहे. तलाव उघडी कसा होईल? लिंग पाहा.’ ते म्हणाले, ‘विद्यार्थ्यांच्या व्याकरणावर तुमचा अजून विश्वास आहे?’ हा घाव वर्मी होता. पण मी हटलो नाही. छत्रपुरी खिडकी असणार, मी सांगितले. त्यांनी मतदान घेण्याची सूचना केली. मतदार दोन!

येथे परगावच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. अमरावतीच्या जुन्या गावाला दगडी परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून इथल्या सावकारांचे आणि व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमदानीत १८०७ साली त्याचे काम सुरू झाले. घेर सव्वादोन मैलांच्या आसपास, उंची वीसपासून सव्वीस फुटांपर्यंत. त्याला पाच दरवाजे: अंबा, महाजन, नागपुरी, खोलापुरी आणि भुसारी, ज्याला आता जवाहर गेट म्हणतात. याखेरीज चार लहान दरवाजे, त्यांना खिडक्या म्हणतात: छत्रपुरी, पटेल, माता आणि खुनारी. या खिडकीतून हवा खावयाची नसते. ये-जा करावयाची असते. हा अर्थ कोशात आहे, पण गावात तो पायांनी शिकावा लागतो.

मी हे सगळे अकोलेकरांना सांगितले. ते घड्याळ पाहत होते. शेवटी ओट्यावर उन्हाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने आमची सुटका केली.

‘काहून पऊन राह्यले जी मास्तर? गाडी सुटली काय?’

‘बाबाजी, छत्रपुरी खिडकी कोणीकडे?’

‘सकाळपासून पोट्टे थेच इचारून राह्यले. जा असे नाकासमोर.’

आमच्या आधी कोणी तरी तेच विचारून गेले होते, म्हणजे उत्तर बरोबर होते. अकोलेकरांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. बोलले काही नाही. चिठ्ठी देणे हेच त्यांच्या विषयातले ‘सिद्ध झाले’ असावे.

पुढची ठिकाणे भराभर सुटली. ‘बर्लिन पाहून आलेला आखाडा’ म्हणजे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, हे अमरावतीत शेंबडे पोरही सांगेल. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मूठभर सरकी फुकट मिळवावयाची होती. ती अकोलेकरांनी अशा सफाईने मागून आणली की हा गृहस्थ भौतिकशास्त्रात वाया गेला असे वाटले.

धावताना माझ्या मनात मात्र एक जुनी पोथी घोळत होती. आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथे २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ आहे, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी होत्या त्यांना म्हाइंभट शोधीत गेले, विचारीत गेले. आणि त्यांचा जोडीदार कोण? नागदेवाचार्य. एकाने हिंडून जमवावे, दुसऱ्याने पारखून घ्यावे. या दोघांत चिठ्ठी कोणाच्या हातात होती, हा प्रश्न मला त्या दिवसापूर्वी कधी सुचला नव्हता. पुढे चौदाव्या शतकात स्थानपोथी झाली. स्वामी कुठल्या गावी कुठे उतरले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला काय आहे, याची ती नोंद. वर्गात ती मुलांना रुक्ष वाटते. पोरांनी एकदा ती हातात धरून गावे हुडकीत निघावे. परीक्षेला नेमण्यापेक्षा ते बरे.

अमरावतीच्या बसस्थानकावर आम्ही पाचवे होतो. एस.टी. निघाली. बडनेरा गेले. या रस्त्यालाही शर्यतीचा मान आहे. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान पंचाहत्तर किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात नोंद झाली. मी ते अकोलेकरांना सांगावयास वळलो, तो ते खिडकीकडे तोंड करून बसलेले. कपाळावर घाम. जानेवारी महिना!

मूर्तिजापूर आले. एके काळी येथून शकुंतला गाडी एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला निघत असे. अकोलेकर एकाएकी म्हणाले, ‘तुम्हाला एक सांगतो. सांगितले की फायदा तुमचाच आहे.’ आणि सांगितले. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या छातीत जाळी बसविली होती. महाविद्यालयात कोणालाच ठाऊक नव्हते. रजेच्या अर्जात ‘घरगुती काम’. डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते, धावावयास नाही. शर्यतीतून नाव काढले असते तर कारण विचारले गेले असते, आणि कारण कळले असते तर उपप्राचार्याच्या खुर्चीचा प्रश्न तिथेच मिटला असता.

मी म्हणालो, ‘आपण येथेच उतरू.’

ते म्हणाले, ‘मग दोघांनाही कारण सांगावे लागेल.’

पुढचा तासभर मी काय विचार केला तो सगळा लिहिण्याजोगा नाही. खुर्ची मला हवी होती. आजही नको होती असे म्हणणार नाही. एक वाक्य योग्य कानाशी बोलले की काम होत होते. शेजारचा माणूस डोळे मिटून बसला होता, आणि त्याने ते वाक्य आपण होऊन माझ्या हातात दिले होते. सकाळी चिठ्ठी दिली होती तसेच.

अकोल्याला उतरल्यावर माझ्यापुढे नवाच पेच. त्यांना धावू द्यावयाचे नाही, आणि धावू देत नाही हे कळूही द्यावयाचे नाही. मोर्णा ओलांडून जुन्या गावात शिरलो. कोडे होते: ‘एक किल्ला, बांधणारे दोन. मराठी बोलतो तो कोणत्या सालचा?’ हा असदगड. दहीहंडा वेशीवरचा लेख औरंगजेबाच्या काळातल्या असदखानाचे नाव सांगतो. अगरवेशीच्या मराठी लेखात मात्र किल्ला १८४३ साली गोविंद अप्पाजीने बांधल्याचे म्हटले आहे. उत्तर मला पाठ होते. तरी मी दगडावर टेकलो आणि या विसंगतीवर सविस्तर बोलू लागलो. बांधणे आणि डागडुजी करणे यांत जुन्या लेखकांनी नेहमी भेद केला असेल का, वगैरे. पाच मिनिटे तरी गेली. दोन जोड्या आमच्या समोरून पुढे गेल्या.

‘तुम्ही मला विसावा देता आहात,’ अकोलेकर म्हणाले.

‘छे. हा माझा विषयच आहे.’

‘माझी कीव केलीत तर मी धावत सुटेन.’

आणि सुटलेच असते. शेवटची चिठ्ठी ‘ज्याला न्हाण खांद्यावरून येते’ त्याच्याकडे जाण्याची होती. श्रावणात पूर्णेचे पाणी गांधीग्रामहून कावडींनी आणून ज्याला अभिषेक करतात, तो राजराजेश्वर, अकोल्याचा ग्रामदेव. हे त्यांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच सांगितले. रस्ताही त्यांनीच काढला. मोठा रस्ता सोडून एका बोळात, बोळातून एका वाड्याच्या मागल्या दाराने आत. चौकात एक आजीबाई धान्य निवडीत होत्या. त्यांनी मान वर केली आणि अकोलेकरांना त्यांच्या लहानपणच्या नावाने हाक मारली. ते नाव मी छापणार नाही. मुले वर्गात म्हणतील.

‘काहून रे, दम लागला काय? बस. पानी पी.’

बसले की! माझ्या सगळ्या शिलालेखाने जे झाले नाही ते या दोन शब्दांनी झाले. पाणी प्याले, मग गुळाचा खडा, मग दहा मिनिटे कोणाचे कोण कुठे असते याची चौकशी. मीही बसलो. बाहेरून धावत्या पावलांचे आवाज येत होते. आजीबाईंनी विचारले, ‘हे कोन?’ अकोलेकर म्हणाले, ‘हे आमचे सोबती.’ सहकारी म्हणाले नाहीत, हे शब्दांच्या माणसाने टिपून ठेवले.

वाड्याच्या पुढल्या दाराने बाहेर पडलो तो देऊळ अगदी जवळ. चालतच गेलो. आठवे आलो, अठरांत.

सोमवारी मी त्यांच्यासाठी काही केले नाही. करावयाचे होते ते न बोलणे एवढेच होते. पुढे महिन्याभराने अकोलेकरांनी स्वतःच प्राचार्यांना जाळीची गोष्ट सांगितली. जूनमध्ये उपप्राचार्यपद वनस्पतिशास्त्राच्या बाईंना मिळाले. त्या शर्यतीत उतरल्याच नव्हत्या. त्या दिवशी कार्यालयात बसून आमच्या मोबाईलचे लिफाफे सांभाळीत होत्या.

हा लेख छापण्यास अकोलेकरांची संमती आहे. त्यांनी तो संध्याकाळच्या फिरण्यात माझ्याकडून वाचून घेतला; हल्ली रोज सव्वा तास आम्ही परकोटाला वळसा घालतो, त्यांच्या चालीने. त्यांची अट एकच होती. अकोल्यातला वाड्यामधला रस्ता त्यांनी काढला, मी नव्हे, हे स्पष्ट छापले जावे. छापले आहे.