प्रमाणपत्र हाती, भोंगा मुका

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने आले, की मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकमधील उंच इमारतींच्या व्यवस्थापकांची एका कागदासाठी धावपळ सुरू होते. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' या कायद्यानुसार इमारतीतील आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा अग्निशमन दलाकडे सादर करावे लागते. 'नमुना ब' या नावाने ओळखला जाणारा हा कागद परवानाधारक संस्थेकडून मिळवायचा, दलाच्या कार्यालयात द्यायचा आणि त्याची पोच फाइलला लावायची. एवढे झाले, की पुढचे सहा महिने निश्चिंती. मात्र, आग लागते तेव्हा फाइल उघडून पाहायला कोणाला वेळ नसतो. त्या क्षणी प्रश्न एकच असतो, भोंगा वाजतो की नाही?

गेल्या काही वर्षांतील आगींकडे पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे नाही. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी आग लागली आणि चार जणांचा मृत्यू झाला. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा कार्यरत नसल्याचे त्यानंतर समोर आले. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षात ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. धुराची पहिली खबर मिळाली ती कर्तव्यावरील परिचारिकेला धूर दिसला तेव्हा, आणि तोवर दहा बालकांसाठी उशीर झाला होता. गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे एका पुनर्वसन इमारतीच्या तळाशी लागलेल्या आगीचा धूर जिन्यातून वर चढला. रहिवासी त्या वेळी गाढ झोपेत होते. किमान सात जणांना प्राण गमवावे लागले.

प्रत्येक दुर्घटनेनंतर चर्चा होते ती अडवलेल्या जिन्यांची, अनधिकृत बांधकामाची, बंब उशिरा पोहोचल्याची. ती रास्तच आहे. परंतु या साऱ्याच्या आधी येणारी काही मिनिटे चर्चेतून निसटतात. बंब, पंप, स्प्रिंकलर ही साधने आगीशी लढण्यासाठी आहेत. माणसाला पळण्यासाठी वेळ मिळवून देणारे साधन एकच, ते म्हणजे धोक्याची सूचना. आगीत दगावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जीव ज्वाळा नव्हे, तर धूर घेतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस धुराच्या वासाने जागा होईल, याचा भरवसा धरता येत नाही. त्याला जागे करण्याचे काम भोंग्याचेच.

यंत्रणा बसते, मग काय होते?

नव्या उंच इमारतीत ही यंत्रणा सहसा असते. ती नसेल, तर अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मिळत नाही. नियंत्रण पॅनेल, स्मोक डिटेक्टर, उष्णता ओळखणारे हीट डिटेक्टर, काच फोडून दाबायचे कॉल पॉइंट, भोंगे आणि वीज गेली तरी हे सारे चालू ठेवणारी बॅटरी असा तिचा संसार असतो. बिल्डर ती बसवून देतो, दल पाहणी करते, दाखला मिळतो. त्या दिवशी यंत्रणा उत्तम स्थितीत असते. तिचे दिवस फिरतात ते त्यानंतर.

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्मोक डिटेक्टरमध्ये एक छोटी अंधारी कुपी असते. आत एक प्रकाशझोत आणि थोड्या बाजूला एक प्रकाशसंवेदक असतो. एरवी झोत संवेदकावर पडत नाही. धूर आत शिरला, की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, संवेदकावर पडतो आणि इशारा जातो. अडचण अशी, की धुराच्या कणांचे हे काम धूळही करते, आत शिरलेली मुंगी करते आणि वाफही करते. अखंड बांधकामांची धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा असलेल्या शहरात वर्ष-दोन वर्षे साफ न केलेला डिटेक्टर विनाकारण ओरडू लागतो. काही ठिकाणी उलटेही घडते. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर चढवलेली प्लास्टिकची टोपी काम संपल्यावर काढायची राहते. डिटेक्टर छताला असतो, त्याचा दिवाही लुकलुकतो, पण धूर आत जायला वाटच नसते.

बॅटरीची गत याहून वेगळी नाही. अशा पॅनेलमधील बॅटऱ्या साधारणतः चार-पाच वर्षे टिकतात. वीज असेपर्यंत त्या मेल्याचा पत्ता लागत नाही. पण आग शॉर्टसर्किटने लागली आणि इमारतीची वीज गेली, तर नेमक्या त्या क्षणी पॅनेलही अंधारात जाते.

कार्यालयांच्या इमारतींत आणखी एक गुंता असतो. भाडेकरू बदलला, की अंतर्गत सजावट बदलते. नवे फॉल्स सीलिंग येते आणि जुने डिटेक्टर त्याच्या वर अडकून पडतात. नव्या केबिन उभ्या राहतात, त्यात डिटेक्टर नसतो. मूळ आराखड्यात सारे जागच्या जागी दिसते, प्रत्यक्षात मात्र अर्ध्या मजल्यावर पहारा उरलेला नसतो.

'लांडगा आला रे आला'

यंत्रणेची घसरण ज्या टप्प्यावर पक्की होते, तो टप्पा मात्र तांत्रिक नाही. रात्री दोन वाजता भोंगा वाजतो. रहिवासी घाबरून जिन्यात येतात, कळते की आग नाही. आठवड्याभरात तसेच पुन्हा घडते. तिसऱ्या वेळी कोणी दारही उघडत नाही आणि सकाळी तक्रार जाते सोसायटीच्या सचिवांकडे. सचिव पहारेकऱ्याला सांगतात, पहारेकरी पॅनेलवरचे बटण दाबून भोंगा गप्प करतो. पुढे तो संपूर्ण विभागच पॅनेलवरून बंद केला जातो. 'दुरुस्तीवाला आला, की चालू करू' असे ठरते. दुरुस्तीवाला येतो तो थेट जानेवारीत किंवा जुलैमध्ये.

लांडगा आल्याची हाकाटी करणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. इमारतींच्या बाबतीत तिचा शेवट अधिक भीषण होतो, कारण इथे हाक मारणाऱ्याचे तोंडच बांधलेले असते. खोटा इशारा हा यंत्रणेने देखभालीसाठी घातलेला टाहो असतो. त्यावर उपाय म्हणून डिटेक्टर साफ करायचा किंवा बदलायचा असतो. प्रत्यक्षात भोंगा बंद केला जातो, कारण ते फुकट होते.

हे केवळ आपल्याकडेच घडते, असे नाही. हाँगकाँगमधील ताय पो भागातील वांग फुक कोर्ट या आठ मनोऱ्यांच्या वसाहतीत २६ नोव्हेंबर २०२५ रोजी आग भडकली आणि दीडशेहून अधिक लोकांचे प्राण गेले. आपल्याला भोंगा ऐकूच आला नाही, असे वाचलेल्या रहिवाशांनी सांगितले. त्यानंतर तेथील अग्निशमन विभागाने केलेल्या तपासणीत आठही मनोऱ्यांतील धोकासूचक यंत्रणा नीट काम करत नसल्याचे आढळले. अग्निसुरक्षेबाबत काटेकोर मानल्या जाणाऱ्या शहरातील ही अवस्था आहे. यंत्रणा होती. ती वेळेवर वाजली नाही.

दहा तासांचे काम

आता पुन्हा 'नमुना ब'कडे वळू. तपासणी कशी व्हावी, याबाबत संभ्रमाला जागा नाही. भारतीय मानक ब्युरोच्या 'आयएस २१८९' या संहितेत अशा यंत्रणेची निवड, उभारणी आणि देखभाल यांचे नियम घालून दिलेले आहेत. पॅनेलवर रोज नजर टाकणे, ठरावीक अंतराने प्रत्यक्ष इशारा देऊन पाहणे, बॅटरी तपासणे, नोंदवही ठेवणे या साऱ्याची चौकट तेथे मिळते. ब्रिटनमध्ये तर कार्यालयांतील भोंगा दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वाजवून पाहण्याची रीत आहे. दर वेळी वेगळा कॉल पॉइंट वापरला जातो. त्यामुळे काही महिन्यांत सर्व कॉल पॉइंट तपासून होतात आणि इमारतीतल्या प्रत्येकाला तो आवाज ओळखीचा होतो.

याउलट आपल्याकडील सहामाही तपासणीचे गणित मांडून पाहावे. दहा मजल्यांच्या एखाद्या व्यापारी इमारतीत दीडशे डिटेक्टर आहेत, असे समजू. प्रत्येकाखाली काठीने चाचणीचा धूर धरायचा, इशारा मिळेपर्यंत थांबायचे, पॅनेलवर योग्य जागा दिसते का ते पाहायचे, यंत्रणा पूर्ववत करायची आणि पुढे जायचे. या साऱ्याला चार मिनिटे धरली, तरी एकूण सहाशे मिनिटे होतात. म्हणजे दोन माणसांचे दहा तास. कुलूपबंद दालने, शिडी आणि जेवणाची सुटी यांचा हिशेब वेगळा. भोंगा वाजल्यावर लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडते का, वातानुकूलनाचे पंखे थांबतात का, चुंबकीय कुलपांचे दरवाजे मोकळे होतात का, याची पडताळणी आणखी वेगळी. अशा इमारतीची तपासणी तासाभरात 'पूर्ण' झाली असेल, तर त्या तासात काय झाले नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

या प्रकाराला केवळ लबाडी म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे पैसे इमारतच देते. यंत्रणा बिघडली आहे, असा शेरा मारणाऱ्या संस्थेला पुढच्या वेळी बोलावणे येईल, याची शाश्वती नाही. सोसायटीची बाजूही अगदीच खोटी नाही. समितीतील मंडळी आपापले व्यवसाय सांभाळून काम करतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत देखभाल खर्च शंभर रुपयांनी वाढवण्याचा ठराव मांडला, तरी वादळ उठते. लिफ्ट बंद पडली, तर सकाळी दहा फोन येतात. भोंगा बंद पडला, तर एकही येत नाही. त्यामुळे सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि त्या दरात दहा तासांचे काम बसत नाही. अग्निशमन दलाला पाहणीचे अधिकार आहेत, पण शहरातील इमारतींची संख्या पाहता प्रत्येक दार ठोठावणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तिघांचीही सोय एका कागदाने होते. ती ज्याची होत नाही, तो बाराव्या मजल्यावर झोपलेला असतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र जबाबदारी स्पष्ट आहे. यंत्रणा सदैव सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य इमारतीच्या मालकाचे अथवा भोगवटादाराचे आहे. सोसायटीत ते सर्व सभासदांवर येते. त्यात कसूर झाल्यास तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे. प्रमाणपत्र फाइलला आहे, म्हणून हे कर्तव्य संपत नाही. कायद्याला अपेक्षित आहे ती 'सदैव' सुस्थिती. जानेवारी आणि जुलै हे त्या सुस्थितीचा हिशेब देण्याचे महिने आहेत.

पुरावा पॅनेलमध्येच

या कोंडीतून मार्ग नाही, असे नाही. आजच्या बहुतेक मोठ्या इमारतींतील पॅनेल 'अॅड्रेसेबल' पद्धतीचे असते. प्रत्येक डिटेक्टरला स्वतंत्र क्रमांक असतो आणि कोणता डिटेक्टर कधी वाजला, कोणता विभाग कधी बंद केला, केव्हा सुरू केला, याची नोंद पॅनेल आपल्या स्मृतीत ठेवते. दीडशे डिटेक्टरांची खरोखर चाचणी झाली असेल, तर त्या तारखेला दीडशे इशाऱ्यांची नोंद पॅनेलमध्ये सापडलीच पाहिजे. ती नसेल, तर प्रमाणपत्र आणि पॅनेल यांपैकी एक खोटे बोलत आहे, आणि पॅनेलला खोटे बोलण्याचे कारण नाही.

'नमुना ब'सोबत ही नोंद जोडणे सक्तीचे केले, तर नवे मनुष्यबळ न नेमताही दलाला खऱ्या-खोट्याची निवड करता येईल. कोणता विभाग चार महिने बंद होता, हेही त्यातून उघड होईल. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये अशी स्मृती नसते, तेथे डिटेक्टरनिहाय तारीख आणि सही असलेली यादी मागता येईल. प्रामाणिक संस्थांनाही याचा लाभ होईल, कारण दहा तासांचे काम एका तासाच्या दरात करणाऱ्यांशी त्यांना स्पर्धा करावी लागणार नाही.

शासनाने असा नियम करण्याची वाट पाहण्याचे रहिवाशांनाही कारण नाही. पॅनेल सहसा तळमजल्यावर, पहारेकऱ्याच्या टेबलामागेच असते. त्यावर हिरवा दिवा आहे की पिवळा, बिघाड किंवा 'डिसेबल' अशी अक्षरे दिसतात का, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. बॅटरी शेवटची कधी बदलली, मागच्या चाचणीत किती डिटेक्टर तपासले आणि किती नापास झाले, हे तीन प्रश्न कोणताही सभासद सर्वसाधारण सभेत विचारू शकतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी 'एकही नाही' असे येत असेल, तर चिंता करावी. शेकडो उपकरणांपैकी काही बिघडणे स्वाभाविक असते. एकही न बिघडणे हे बहुधा कोणी पाहिलेच नसल्याचे लक्षण असते.

लिफ्टने वर जाण्यापूर्वी एकदा त्या पॅनेलपाशी थांबावे. तेथे पिवळा दिवा लागलेला असेल आणि पहारेकरी 'तो नेहमीच लागतो' असे म्हणाला, तर त्या इमारतीचे प्रमाणपत्र मागून वाचायला हवे.