पराभवातील पारख

फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूचे पराक्रम मोजले जातात आणि बचावपटूचे प्रमाद. आघाडीवाल्याने नऊ संधी दवडून दहावी साधली, तर प्रेक्षक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटूने नऊ हल्ले परतवले आणि दहाव्या वेळी त्याचा पाय चुकला, तर पराभवाचे खापर त्याच्याच माथी फुटते. राखणदाराची आठवण चोरी झाल्यावरच व्हावी, त्यातलाच हा प्रकार. ब्राझीलचा लुसिओ, म्हणजेच लुसिमार फेरेरा दा सिल्वा, याच्या कारकिर्दीकडे या दृष्टीने पाहिले, तर ती केवळ चषकांची यादी राहत नाही. तिच्या उत्तरार्धातील दोन हंगाम फातोर्ड्याच्या मैदानावर गेले असल्याने तिच्यापासून काही शिकण्याची जबाबदारीही आम्हा गोमंतकीयांवर येऊन पडते.

८ मे १९७८ रोजी जन्मलेला लुसिओ हा राजधानी ब्राझिलियाच्या परिसरातील प्लानाल्टिनाचा. तेथल्याच छोट्या क्लबातून तो खेळू लागला. १९९७ मध्ये राष्ट्रीय चषक स्पर्धेत पोर्तो आलेग्रेच्या बलाढ्य इंतेरनासिओनालशी गाठ पडली, तेव्हा ग्वारा या तशाच लहान क्लबाने त्याला उसना घेतला. निकाल काय लागला? ग्वाराचा सात गोलांनी धुव्वा उडाला. सात गोल खाल्लेल्या संघाच्या बचावपटूला कोणी ओळख दाखवू नये, हा जगाचा रिवाज. परंतु विजयी क्लबाच्या जाणत्यांनी गोलफलकाकडे न पाहता खेळाडूकडे पाहिले आणि पराभूत संघातील त्या तरुणाला आपल्याकडे आणले. लुसिओच्या पुढील साऱ्या कीर्तीचे बीज या एका प्रसंगात आहे.

२००१ मध्ये तो जर्मनीतील बायर लेव्हरकुसेनकडे गेला. पुढच्याच वर्षी, १५ मे २००२ रोजी, ग्लासगो येथे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना रेआल माद्रिदशी झाला. राऊलने आरंभीच केलेल्या गोलाची परतफेड लुसिओनेच चेंडूला डोके लावून केली. पण झिदानच्या त्या विख्यात फटक्याने विजय माद्रिदच्या पदरात टाकला. त्या हंगामात लेव्हरकुसेनने जर्मन लीग एका गुणाने गमावली, जर्मन चषकाचा अंतिम सामनाही गमावला. हातातोंडाशी आलेले तीन घास गेले. एखादा खेळाडू खचून गेला असता.

त्यानंतर सुमारे दीड महिन्याने हाच लुसिओ विश्वविजेता ठरला. मात्र ती वाटही निष्कंटक नव्हती. उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध त्याला चेंडू नीट आवरता आला नाही आणि मायकेल ओवेनने ती चूक साधून गोल केला. ब्राझीलसारख्या देशात अशा चुकीला क्षमा नसते. १९५० च्या पराभवाचा डाग गोलरक्षक बार्बोसाला मरेपर्यंत पुसता आला नव्हता. रिवाल्डो आणि रोनाल्डिन्यो यांनी तो सामना फिरवला, हे खरे. पण प्रशिक्षक स्कोलारी यांचा लुसिओवरील विश्वास ढळला नाही, हेही तितकेच खरे. ३० जून २००२ रोजी योकोहामा येथे जर्मनीला २-० ने नमवून ब्राझीलने पाचव्यांदा विश्वचषक जिंकला. सात सामन्यांत या संघावर अवघे चार गोल झाले. रोनाल्डोचे आठ गोल साऱ्या जगाला पाठ आहेत. हे चार कोणाला आठवतात?

पुढे बायर्न म्युनिककडून त्याने तीनदा जर्मन लीग जिंकली. २००६ च्या विश्वचषकात त्याने सलग ३८६ मिनिटे एकही फाऊल न करता खेळून विक्रम केला. बचाव म्हणजे दांडगाई, असे समजणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. प्रतिस्पर्ध्याला पाडणे हे बळाचे काम आहे. त्याला न पाडता चेंडू काढून घेणे हे संयमाचे आणि बुद्धीचे. त्याच वर्षी प्रशिक्षक डुंगा यांनी त्याला कर्णधार केले. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझील अमेरिकेविरुद्ध ०-२ असा मागे पडला होता. तो ३-२ असा जिंकून देणारा निर्णायक गोल या बचावपटूच्याच डोक्याने केला. त्याच वर्षी बायर्नने त्याला इंटर मिलानकडे जाऊ दिले. २२ मे २०१० रोजी माद्रिद येथे युरोपच्या अंतिम सामन्यात इंटरने त्याच बायर्नला २-० ने हरवले. इटालियन लीग, इटालियन चषक आणि युरोपचा चषक हे तिन्ही मान त्या हंगामात इंटरकडे आले. मात्र दोनच महिन्यांत त्याच्या नेतृत्वाखालील ब्राझील दक्षिण आफ्रिकेत हॉलंडकडून हरून परतला. १०५ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या या माणसाने यश आणि अपयश यांची अशी लागोपाठ आवर्तने पाहिली.

२०१५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो झिको यांच्या मार्गदर्शनाखालील एफसी गोवा संघात आला. साखळी फेरीत संघ अव्वल राहिला. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-१ ने पुढे होता. आणि अखेरच्या काही क्षणांत चेन्नईयनने दोन गोलांनी चषक हिरावून नेला. पुढच्या हंगामात गोवा तळाला गेला. तेव्हा अनेकांनी म्हातारपणी आलेल्या परदेशी पाहुण्याला बोल लावला. आमच्या मते प्रश्न पाहुण्याचा नव्हता, यजमानाचा होता.

२००७ मध्ये आय-लीग सुरू झाली, तेव्हापासूनची पहिली सहाही अजिंक्यपदे धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्याच्याच क्लबांनी जिंकली होती. वाड्यावरच्या मैदानात चेंडू मागे धावणाऱ्या पोराला पायरीपायरीने वर नेणारी ही शिडी होती. आय-लीगला दुय्यम ठरविणाऱ्या महासंघाच्या आराखड्याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो यांनी तिच्यातून अंग काढून घेतले. धेंपो २०२४ मध्ये खालच्या विभागातून पुन्हा वर आला, ही समाधानाची गोष्ट. पण मधली वर्षे कोण भरून देणार? पिकलेले फळ बाजारातून आणता येते. झाड मात्र स्वतःच्या अंगणात लावावे लागते आणि त्याला रोज पाणी घालावे लागते.

२०२५ ने हा धडा पुन्हा गिरवून घेतला. जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगाम अनिश्चित काळासाठी लांबणीवर पडला, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढची व्यवस्था कोणी केली नव्हती. करार संपला की खेळ थांबावा, इतके आमचे फुटबॉल परस्वाधीन झाले आहे! ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा अल नासर संघ फातोर्ड्याला आला, तेव्हा क्रिस्तियानो रोनाल्डो येणार की नाही, याचीच चर्चा घरोघर होती. तो आला नाही. गोवा १-२ ने हरला; परंतु गोव्याचा तो एक गोल केला ब्रायसन फर्नांडिस या आपल्याच मातीतल्या तरुणाने.

ज्याची वाट पाहिली तो आला नाही आणि ज्याची कोणी वाट पाहिली नव्हती त्याने गोल केला, यातील बोध घेण्यासाठी वेगळ्या पंडिताची गरज नाही. परदेशी खेळाडूंना आमचा विरोध नाही. लुसिओसारख्याच्या शेजारी वर्षभर सराव करणे हेही एक विद्यापीठच आहे. पण त्या विद्यापीठात पाठवायला विद्यार्थी हवेत, आणि ते निवडायला पारखी हवेत. गोव्यातील क्लब, शाळा, गोवा फुटबॉल असोसिएशन आणि सरकार यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: काणकोण, पेडणे किंवा सत्तरीतला एखादा संघ आज सात गोलांनी हरला, तर त्या संघातील बचावपटूकडे पाहायला मैदानाच्या कडेला आपला कोणी माणूस उभा असेल काय? त्याचे उत्तर होकारार्थी येईल, त्या दिवशी गोव्याला लुसिओची वाट पाहावी लागणार नाही.